आधी ठरवून मग देवाला विचारण्याची सवय कशी मोडावी

भायखळ्याच्या आमच्या मंडळीत रविवारची उपासना संपून चहा सुरू झाला, की कोणीतरी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगतो, "मोठा निर्णय आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा." पाळकसाहेब काय ते विचारतात, आणि पुढच्या दोन-तीन वाक्यांत कळते, की बिल्डरला टोकन दिलेले आहे, राजीनाम्याचे पत्र टाईप झालेले आहे किंवा मुलीकडच्यांना होकार कळवून झालेला आहे. मीही अशी प्रार्थना मागितलेली आहे, त्यामुळे हे कोणाला टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४२ व्या अध्यायात हाच प्रसंग आहे. यरुशलेम पडले होते, बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाला होता, आणि मागे उरलेले लोक बाबेलच्या सूडाला भिऊन होते. त्यांनी यिर्मयाला विनंती केली, की आमच्यासाठी परमेश्वराला विचार. उत्तर बरे असो वा वाईट, आम्ही ते पाळू. दहा दिवसांनी उत्तर आले, की याच देशात राहा. त्यावर पुढाऱ्यांनी संदेष्ट्याला खोटे ठरवले, मिसर देशाची वाट धरली आणि जाताना यिर्मयालाही बरोबर नेले. आदल्या अध्यायातील सतरावे वचन मात्र आपण घाईत वाचून पुढे जातो. यिर्मयाकडे येण्याआधीच हे लोक मिसरला जाण्याच्या हेतूने निघालेले होते आणि बेथलेहेमजवळ मुक्कामाला थांबलेले होते. देवाला विचारले ते त्या मुक्कामावरून.

खाली दिलेल्या पायऱ्या या मुक्कामावरून परत फिरण्यासाठी आहेत. त्यांतील बहुतेक साध्या आहेत आणि त्यांना कागद-पेन, मोकळा वेळ आणि थोडा निगरगट्ट प्रामाणिकपणा एवढेच लागते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण मी शेवटपर्यंत धरून चालणार आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघे नोकरीला, मुलगी सहावीत, नवऱ्याची आई सत्तरीची, आणि घर म्हणजे भायखळ्याच्या चाळीतील दहा बाय पंधराची खोली. प्रश्न होता बदलापूरला वन बीएचके घेण्याचा.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर आणणे

डोक्यात घोळणारा प्रश्न आणि कागदावर उतरलेला प्रश्न सहसा एक नसतो. या कुटुंबाने पहिल्या प्रयत्नात लिहिले, "बदलापूरला घर घ्यावे का?" याचे उत्तर कोणीही चहा संपायच्या आत देऊ शकतो. तिसऱ्या प्रयत्नात लिहिले गेले ते असे: "आईचे डॉक्टर आणि मुलीची शाळा भायखळ्यात असताना, पुढची वीस वर्षे पगाराचा मोठा हिस्सा कर्जाला देऊन आम्ही बदलापूरला राहायला जावे का, आणि याच वर्षी जावे का?" प्रश्न लांबला, परंतु आता त्यात माणसे दिसू लागली आणि "याच वर्षी" हा एक वेगळाच प्रश्न त्यातून सुटा झाला.

त्याच कागदावर प्रत्येकाने आपले मन कोणीकडे झुकले आहे आणि का, हे एकमेकांना न दाखवता लिहायचे. नवऱ्याने लिहिले, "होकार. ऑफिसात माझ्या वयाच्या सगळ्यांची घरे झाली." बायकोने लिहिले, "होकार. संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभे राहण्याचा कंटाळा आला." आईच्या नावापुढची ओळ कोरी होती, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. ही कोरी ओळ पाहून दोघेही ओशाळले. मनाचा कल लिहून काढण्यात पाप काहीच नाही, आणि बायकोचे कारण तर मला पूर्णपणे रास्त वाटते. कल लपवून ठेवला, की मात्र पुढे वाचलेले प्रत्येक वचन त्याच्याच बाजूने बोलू लागते. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी दावीद देवाला आपले अंतःकरण तपासून पाहण्याची विनंती करतो, ती या पायरीवरची प्रार्थना आहे. "आम्हाला घर दे" या प्रार्थनेची जागा अजून आलेली नाही.

दुसरी पायरी: जे आधीच ठरलेले आहे ते बाजूला काढणे

शास्त्राने ज्याबद्दल स्पष्ट सांगितले आहे त्याबद्दल पुन्हा मार्गदर्शन मागण्याची गरज नसते. पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहायला गेले, की एजंट हमखास सुचवतो, की करारात किंमत थोडी कमी दाखवू आणि उरलेले रोखीने देऊ, म्हणजे दोन्ही पक्षांचा फायदा. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे ११:१ सांगते, आणि ज्याला कर द्यायचा त्याला तो द्या असे पौल रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात लिहितो. यावर उपास-प्रार्थना करणे म्हणजे मिळालेले उत्तर बदलून मागणे होय. रोखीची अट सुटणार नसेल तर तो फ्लॅट यादीतून जातो, कितीही हवेशीर असला तरी.

दुसरी गोष्ट आईची. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, 'कुर्बान'वरून खडसावतो. आईवडिलांसाठी खर्च व्हायचा पैसा देवाला अर्पण झाला असे म्हटले, की मुलगा त्या जबाबदारीतून मोकळा होई, अशी ती पळवाट होती. आज कोणी कुर्बान म्हणत नाही. "हप्ता सुरू झाल्यावर आईचे बघू" असे म्हणतात. म्हणून या कुटुंबाने हिशेबाच्या पहिल्याच ओळीत आईची औषधे आणि महिन्यातून एकदा भायखळ्याला डॉक्टरकडे नेण्या-आणण्याचा टॅक्सीसह खर्च धरला आणि उरलेल्या पगारात घर बसते का ते पाहिले.

हे बाजूला काढल्यावर जे उरते ते बहुतांशी स्वातंत्र्याचे क्षेत्र असते, आणि हे अनेकांना पचत नाही. बदलापूर की डोंबिवली, यासाठी वचन नाही. विवाहासारख्या मोठ्या गोष्टीतसुद्धा पौल विधवेला सांगतो, की तिला इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावे, मात्र ते प्रभूमध्ये असावे (१ करिंथ ७:३९). अट एक आणि त्यापुढे तिची इच्छा. देवाने आपल्यासाठी एकच फ्लॅट नंबर लिहून ठेवला आहे आणि तो हुडकता आला नाही तर जन्म वाया गेला, ही भीती शास्त्रातून आलेली नाही. "सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सर्व हितकारक नाहीत" या आशयाचे १ करिंथ १०:२३ आपल्याला या क्षेत्रात नेऊन सोडते, आणि येथून पुढे शहाणपणाचे काम सुरू होते.

तिसरी पायरी: वचन वाचणे, सोडत काढणे नव्हे

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे, बोट ठेवायचे आणि बोटाखालचे वचन हे देवाचे उत्तर मानायचे, ही पद्धत आमच्या घरांत अजून आहे. तिच्या जोडीला चिठ्ठ्या टाकणे आहे. चिठ्ठ्यांना शास्त्रात आधार नाही असे नाही. विश्वासघात केलेल्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. परंतु ती प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, आणि पवित्र आत्मा उतरला तो दुसऱ्या अध्यायात. त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याची नोंद नाही. देवाकडून खूण मिळावी म्हणून गिदोनाने रात्री पसरलेल्या लोकरीचे उदाहरणही आपण उलटे वापरतो. शास्ते सहाव्या अध्यायात देवाने काय करायचे ते त्याला आधीच सांगितलेले होते. लोकर पसरली ती त्याच्या डळमळीत विश्वासाने, आणि दुसऱ्यांदा मागताना तर देवाने रागावू नये अशी विनवणी त्याने स्वतःच केली.

दुसरा धोका कॅलेंडरवरच्या वचनांचा. यिर्मया २९:११, म्हणजे तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो असे परमेश्वर म्हणतो ते वचन, घराच्या पूजेप्रमाणे प्रत्येक नव्या फ्लॅटच्या समर्पणाला वाचले जाते. ते बाबेलात बंदिवान झालेल्यांना पाठवलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षे भरल्यावर सुटका होईल असे सांगितले आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सुटका दिसणार नव्हती. त्याच पत्राच्या सुरुवातीला, पाचव्या वचनात, परक्या नगरात घरे बांधून राहा आणि बागा लावून त्यांचे फळ खा, असेही म्हटले आहे. संपूर्ण अध्याय वाचला तर हे वचन घराच्या निर्णयाला अधिक लागू पडते, पण वेगळ्या अर्थाने: मनाजोगते नसलेल्या जागी, लांबच्या मुदतीसाठी, नीट पाय रोवून राहणे.

माझा सल्ला असा, की निर्णयाआधीच्या महिन्यात नीतिसूत्रांचा रोज एक अध्याय वाचावा. अध्याय ३१ आहेत, महिनाभर पुरतात. प्रत्येक दिवशी प्रश्नाशी संबंध असलेले एखादे वचन वहीत उतरवावे, आणि आपल्या कलाच्या विरुद्ध जाणारे वचन सापडले तर ते आवर्जून उतरवावे. या कुटुंबाच्या वहीत २२:७ आले (ऋण घेणारा धनकोचा दास होतो) आणि २४:२७ आले, ज्यात आधी शेतातले काम उरक आणि मग घर बांध असे सांगितले आहे. बायकोने त्यापुढे लिहिले, "आमचे शेत म्हणजे माझी नोकरी. ती कंत्राटी आहे." वचनावरचे इतके उपयोगी भाष्य मी बऱ्याच संदेशांत ऐकलेले नाही.

नीतिसूत्रे म्हणजे हमीपत्रे नव्हेत, हे त्याच ग्रंथातून कळते. २६ व्या अध्यायातील चौथे वचन मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको म्हणते, आणि पाचवे वचन दे म्हणते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. कोणते कोणत्या दिवशी लागू आहे हे ओळखण्यासाठी समोरची परिस्थिती माहीत असावी लागते.

चौथी पायरी: भिंती स्वतः पाहून येणे

ही सर्वांत लांब पायरी आहे, आणि श्रद्धाळू माणसे नेमकी हीच गाळतात. चौकशी केली म्हणजे विश्वास कमी पडला असे त्यांना वाटते. पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला तसे वाटले नाही. यरुशलेमच्या पडक्या भिंतींची बातमी ऐकून तो रडला, उपास केला आणि किसलेवपासून नीसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना करीत राहिला. पण राजा अर्तहशश्तने "तुला काय हवे?" असे विचारले तेव्हा त्याच्याकडे मुदत तयार होती, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रांची मागणी तयार होती आणि लाकडे कोणाकडून घ्यायची तेही ठरलेले होते. यरुशलेमला पोहोचल्यावर तीन दिवसांनी तो रात्री, थोडी माणसे बरोबर घेऊन, कोणाला न सांगता बाहेर पडला आणि एकेक वेस आणि एकेक भगदाड पाहत फिरला. एका ठिकाणी त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच उरली नव्हती, एवढा बारीक तपशील दुसऱ्या अध्यायात आहे.

बिल्डरची गाडी रविवारी दुपारी स्टेशनवर न्यायला येते आणि सॅम्पल फ्लॅट दाखवून परत आणून सोडते. ती फेरी मोजू नये. या कुटुंबाला मी सांगितले, की मंगळवारी सकाळी कामावर जायचे आहे असे समजून बदलापूरहून निघा. नवरा आदल्या रात्री मित्राकडे मुक्कामाला गेला, सकाळी सातच्या सुमारास डबा खांद्याला लावून फलाटावर उभा राहिला, पहिल्या गाडीत चढता आले नाही, दुसरीत एका पायावर उभे राहून भायखळ्याला उतरला आणि उतरल्यावर त्याने बायकोला फोन करून एवढेच विचारले, "तुला हे रोज जमेल?" मुलीचे काय, हा प्रश्न त्या फोनमध्येच निघाला.

पावसाळ्यात एकदा जाऊन यावे, हे मी वेगळे सांगतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. सगळे बदलापूर पाण्याखाली जात नाही, परंतु आपण पाहिलेली इमारत नदीपासून किती दूर आणि किती उंचावर आहे, हे तिथल्या किराणा दुकानदाराला विचारले तर तो दोन मिनिटांत सांगतो. पाण्याचा टँकर आठवड्यातून किती वेळा येतो हेही त्यालाच ठाऊक असते.

मग हिशेब. लूक १४:२८ मध्ये येशू विचारतो, की बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही काय? 'बसून' हा शब्द महत्त्वाचा आहे. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो आणि एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास जाते. व्याजदर बदलता असेल आणि तो साडेनऊ टक्के झाला, तर त्याच मुदतीसाठी हप्ता सुमारे २८,००० होतो. याच्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, दोघांचे पास, आईची टॅक्सी. हा हिशेब एकदा दोघांच्या पगारावर मांडावा आणि एकदा एकाच पगारावर. दुसरी मांडणी केल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक घालून मंजुऱ्या, पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीख आणि चालू खटले पाहावेत. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार विक्रीचा करार लेखी करून त्याची नोंदणी केल्याशिवाय प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आज भरा, उद्या रेट वाढणार" असे सांगणाऱ्याला हा नियम नम्रपणे ऐकवावा.

नुसत्या पाहणीवरही विसंबू नये. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोक फाटक्या पायतणांनी आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन आले, दूर देशाहून आल्याचे भासवले, आणि इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्या भाकरी तपासून करार करून टाकला. परमेश्वराला मात्र विचारले नाही. पुरावा समोर होता, पण तो त्यांच्यासाठीच तयार केलेला होता. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मुद्दाम छोटा बनवून घेतलेला असतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

पाचवी पायरी: कोणाला विचारावे

रहबाम राजाने (१ राजे १२) सल्ल्यासाठी तीन दिवसांची मुदत घेतली, म्हणजे पद्धत बरोबर होती. वडीलधाऱ्यांनी मवाळ उत्तर सुचवले. ते त्याला रुचले नाही म्हणून त्याने बरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले आणि त्यांचे ऐकले. राज्य दुभंगले. आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे हा सल्ला नसतो.

तीन प्रकारची माणसे हवीत. एक, विषयातला जाणकार, ज्याला आपल्या निर्णयातून कमिशन मिळणार नाही. पाळकसाहेबांना गृहकर्जातले कळलेच पाहिजे असे नाही, आणि चांगले पाळक ते मोकळेपणाने सांगतात. दोन, आपल्याला तोंडावर नको म्हणू शकणारा विश्वासू. मंडळीच्या पंचांमध्ये किंवा महिला मंडळात अशी एखादी व्यक्ती असतेच आणि आपण तिला टाळत असतो. तीन, ज्याला या निर्णयासोबत राहायचे आहे तो प्रत्येक जण.

या तिसऱ्या प्रकाराकडे आपल्या पुरुषांचे लक्ष कमी असते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंना आपल्या नवऱ्याच्या त्या पावलाचा घाला सोसावा लागला आणि पतिपत्नी कित्येक वर्षे दुरावली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेचा प्रश्न हा घराच्या किंवा नोकरीच्या प्रश्नाच्या मापाने मोजता येत नाही आणि टिळकांच्या विवेकाचा निवाडा करणारा मी कोणी नाही. पण एकाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्याने किती चुकवली, हे मराठी ख्रिस्ती घरांना जितके जवळून माहीत आहे तितके क्वचितच कोणाला असेल.

माझे स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्याने पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म पुढे सरकवला. "जामीनदार म्हणून नुसती सही आहे रे." मी हातातला वडापाव खाली ठेवून सही केली, कागदावर तेलाचा डागही पडला. आठ महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला आणि थकलेले हप्ते माझ्या पगारातून कापले जाऊ लागले. बायकोला ते कळले पगाराच्या स्लिपवरून. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते, की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. 'नुसती सही' असा प्रकार कायद्यात नाही. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्याला डोळ्याला डोळा न लावता जाऊन सुटका करून घ्यायला सांगितले आहे, हरिणाने शिकाऱ्याच्या हातून सुटावे तशी. त्याच महिन्यात मी तरुण संघापुढे नीतिसूत्रांवर बोललो होतो. मी प्रार्थना केली नव्हती असेही नाही. सही केल्यावर केली होती.

"देवाने मला तुमच्याबद्दल सांगितले आहे" असे म्हणत येणाऱ्या सल्लागाराबाबत १ राजे १३ वाचावे. तिथे एक वृद्ध संदेष्टा देवदूताचे नाव घेऊन देवाच्या माणसाशी खोटे बोलतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव जातो. संदेशांचा धिक्कार करू नका पण सर्व गोष्टी पारखून घ्या, असे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे. ते दोन्ही भागांसकट पाळावे.

सहावी पायरी: मनाची घडी आणि शांतीची गल्लत

"मला शांती वाटते, म्हणजे देवाची इच्छा आहे" हे वाक्य आपल्याकडे शिक्क्यासारखे वापरले जाते. योना देवापासून पळून जात होता तेव्हा वादळात तारवाच्या तळाशी गाढ झोपलेला होता. येशू पित्याच्या इच्छेप्रमाणे चालला होता तेव्हा गेथशेमानेत त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलेली शांती विनंत्या देवाला कळवणाऱ्यांच्या अंतःकरणाचे रक्षण करते. ती फ्लॅटच्या निवडीला मिळालेली पसंती आहे असे तिथे म्हटलेले नाही.

या बाबतीत वसई-वांद्र्याचे कॅथलिक बंधुभगिनी ज्याला चांगले ओळखतात त्या इग्नेशियस लोयोलाचे नाव आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत फारसे निघत नाही, हे आमचे नुकसान आहे. धोबी तलावाचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये ज्या जेझुइट संघाने सुरू केले त्याचा हा संस्थापक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी होऊन तो अंथरुणाला खिळला, आणि तिथे त्याच्या लक्षात आले, की पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडे पडते, तर संतांसारखे जगण्याचा विचार नंतरही मनाला तजेला देत राहतो. यातून त्याने पारख करण्याचे नियम बांधले. त्यांतील दोन रोजच्या वापराचे आहेत. मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि आपण कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याच्या हितासाठी त्याला काय सांगू याची कल्पना करून तेच स्वतः पाळावे. या कुटुंबातील नवऱ्याने हा दुसरा नियम वापरला आणि त्याचे उत्तर आले, "मी त्याला म्हणालो असतो, मित्रांची घरे मोजणे बंद कर."

थांबण्याची मुदतही ठरवावी. यिर्मयाला उत्तरासाठी दहा दिवस लागले, तेव्हा आपण निदान दहा रात्री तरी जाऊ द्याव्यात. पण तारीख टाकावी, नाहीतर 'प्रभूची वाट पाहणे' हे टाळाटाळीचे सोवळे नाव होऊन बसते.

सातवी पायरी: ठरवणे, आणि ठरवल्यानंतर

यरुशलेमच्या सभेने अन्यजातीय विश्वासणाऱ्यांना जे पत्र पाठवले त्यात "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले" अशा अर्थाचे शब्द आहेत (प्रेषितांची कृत्ये १५:२८). त्यातले 'आम्हांला' गाळू नये. निर्णय आपला आहे; तो चुकला तर देवाने सांगितले होते म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा यांचा मार्कवरून कडाक्याचा वाद होऊन दोघे वेगळ्या वाटांनी जातात, म्हणजे आत्म्याने भरलेली माणसेही एका प्रश्नावर वेगळे ठरवू शकतात. त्यापुढच्या अध्यायात पौलाला आधी आसियात, मग बिथुनियात जाण्यास मज्जाव होतो आणि शेवटी त्रोवसात मासेदोनियाचा दृष्टान्त मिळतो. बंद झालेली दारे त्याला चालत असताना कळली, घरी बसून नव्हे.

याकोब ४:१५ प्रमाणे "प्रभूची इच्छा असेल तर" हे बोलण्यात आणावेच, पण कागदावरही आणावे. निर्णय, त्याची तीन कारणे, त्या वेळी माहीत असलेली परिस्थिती आणि फेरविचाराची तारीख एवढे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. दिलेला शब्द मात्र फेरविचारात येत नाही. पंधरावे स्तोत्र तोट्यात गेले तरी शपथ न मोडणाऱ्याची स्तुती करते. सहकाऱ्याच्या कर्जाचे हप्ते मी म्हणूनच शेवटपर्यंत भरले, आणि कायद्यानेही दुसरा मार्ग नव्हता.

बदलापूरचा फ्लॅट त्या कुटुंबाने घेतला नाही आणि नाकारलाही नाही. त्यांनी आधी अकरा महिन्यांच्या करारावर त्याच परिसरात भाड्याने राहून पाहायचे ठरवले, चाळीची खोली कुलूप लावून ठेवली आणि मुलीची शाळा वर्ष संपेपर्यंत बदलायची नाही असे लिहिले. आईच्या नावापुढची ओळ आता भरलेली आहे. तिच्या हातचे वळणदार अक्षर आहे: "येते. पण रविवारी उपासनेला भायखळ्यालाच." त्याखाली चौघांच्या सह्या आहेत, मुलीचीही, आणि फेरविचाराची तारीख पावसाळा संपल्यानंतरची आहे. तो कागद नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात घडी करून ठेवलेला मी पाहिला.